घ्यायला आलेली जीप

माझे वडील गेले त्या दिवशी मी वाटेत त्यांच्यासाठी पिशवीभर मोसंब्या घेतल्या. राजूरच्या चौकात जीप थांबवायला लावली, घासाघीस केली, एकेक मोसंबी दाबून पाहिली. गाडीवाल्याला दम भरला, आजारी माणसासाठी पाहिजेत, आंबट निघाल्या तर परत आणून तुझ्या गाडीवर ओतीन. तेव्हा तिकडे गावात घरापुढे तिरडी बांधायला घेतली होती. आणि मी इकडे साल पातळ आहे की जाड ते बघत होते. ज्या माणसाला हे सगळं ठाऊक होतं, तो शेजारी उभा राहून माझ्यासाठी पिशवीचं तोंड उघडून धरत होता. "घ्या ताई, घ्या. चांगल्या हायेत," असंही म्हणाला.

त्या माणसाचं नाव मच्छिंद्र. जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावचे, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई म्हणतात. मी लग्नाआधीपासून जालन्याला, कॉलेजात इंग्रजी शिकवते. ते टेंभुर्णी ते जाफराबाद जीप चालवतात, काळी-पिवळी, मागे टपावर पोती आणि आत माणसं कोंबलेली. पण गावात त्यांची ओळख त्या जीपची नाही. गावात कुणी गेलं की दिलेल्या लेकीला घेऊन यायचं काम मच्छिंद्रभाऊंचं. ते त्यांना कुणी नेमून दिलेलं नाही. एकदा केलं, बरं केलं, मग दरवेळी त्यांनाच बोलावणं जाऊ लागलं.

आमच्याकडे लेकीला खरं सांगत नाहीत. सासरच्यांना फोन जातो, ते गप्प राहतात. भावकीतली एखादी बाई बरोबर घेऊन जीप दारात उभी राहते आणि लेकीला सांगायचं ते ठरलेलं असतं. आईला जरा बरं नाही, तुला बघावंसं वाटतंय म्हणते. किंवा दादांना सलाईन लावलंय, काळजीचं कारण नाही. मग गाडी गल्लीत वळते, घरापुढे डोक्यावर पदर घेतलेल्या बाया दिसतात आणि लेकीला कळतं. याला सगळे माया म्हणतात. मला त्या दिवशी याचा संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. वडील गेल्याचं दुःख एका बाजूला, पण त्या मोसंब्यांची पिशवी हातात घेऊन मी जीपमधून उतरले आणि सगळ्या गावानं ती पाहिली, ते मी विसरू शकत नाही. नंतर त्या मोसंब्या कुणी खाल्ल्या, मला माहीत नाही.

मच्छिंद्रभाऊ या कामात तयार झालेले होते. वाटेत चहाला थांबायचे नाहीत, कारण हॉटेलात गावचं कुणी भेटलं तर तोंडातून निघून जातं. सोयाबीनचा भाव, तुरीवरची अळी, रस्त्यातले खड्डे असं काहीबाही बोलत राहायचे. मोबाईल आले तसं त्यांनी एक जास्तीचं शिकून घेतलं. लेक जीपमध्ये बसायला लागली की हात पुढे करायचे, "दे हिकडं, माझ्याजवळ ठिवतो, रस्त्यानं पडंल." आणि फोन आपल्या खिशात टाकायचे. कारण आता माणूस जातो न जातो तोच कुणीतरी पोरगं स्टेटसला फोटो टाकतं, भावपूर्ण श्रद्धांजली. माझाही फोन त्यांनी असाच घेतला होता. मी मुकाट्यानं दिला.

त्यांच्या या कामातली एक गोष्ट ऐकून मी हादरले होते. शेजारच्या गावची एक नवी नवरी, माहेरी तिची आई अचानक गेली. पोरगी हट्टी, सासरहून निघेना, उद्या येते म्हणे. मच्छिंद्रभाऊंनी तिला सांगितलं, तुझ्या भावाला बघायला पाहुणे येऊन राह्यलेत, तू पाहिजेस. ती जरीची साडी नेसून, हातभर बांगड्या भरून, गजरा माळून आली. तशीच जमिनीवर ठेवलेल्या आईपुढे उभी राहिली. ही गोष्ट मच्छिंद्रभाऊ घरी जेवताना सांगत होते. त्यांची बायको वंदना वाढत होती, लेक दीपमाला समोर ताटावर बसली होती, मी त्यांच्याकडे सहज गेले होते. माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, भाऊ, तुमच्या पोटात काही झालं नाही? ते म्हणाले, "रस्त्यानं तर हसत आली ना, ताई. तेवढा एक तास तरी तिला भेटला."

असं का करतो हा माणूस, याचं कारण मला पुढे कळलं. ते शाळेत जायचे तेव्हा त्यांची आई एकदा रानात कापूस वेचत होती. बांधावरून कुणीतरी ओरडून सांगितलं, तुझा भाऊ गेला. ती ओटीतल्या कापसासकट खाली बसली ती उठलीच नाही. दातखीळ बसली, वाचा गेली. बैलगाडीत घालून जाफराबादला नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि म्हणाले, शॉक बसलाय. पोराला शॉक म्हणजे करंट एवढंच माहीत. रानात तर तारच नव्हती, मग मायला शॉक कुठून बसला, हे त्याला कळेना. आई दोन दिवसांनी बोलू लागली, पण पहिल्यासारखी झाली नाही. चुलीपुढे बसल्या बसल्या मधेच म्हणायची, "हळू सांगायचं होतं रे. येवढंच." त्या एका वाक्यावर या माणसानं आपलं सगळं आयुष्य बेतलं.

म्हणून तो शब्द त्यांच्या मनात रुतून बसला होता. एकदा एका पेशंटला जालन्याला आणलं होतं, तेव्हा माझ्याकडे चहाला आले आणि विचारू लागले की ताई, तुम्ही इंग्रजी शिकवता, तर शॉक हा शब्द मुळात कुठला? मला गंमत वाटली. कोश काढला आणि वाचून सांगितलं. शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आला, चार-पाचशे वर्षांपूर्वी. तेव्हा त्याचा मनाशी काही संबंध नव्हता. लढाईत दोन्हीकडचे घोडेस्वार भाले रोखून दौडत येत आणि एकमेकांवर आदळत, त्या पहिल्या आदळण्याला शॉक म्हणत. पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी तो उचलला. मोठी जखम झाली की माणूस थंडगार पडतो, नाडी लागत नाही, त्या अवस्थेला ते शॉक म्हणू लागले. मनाला वाईट बातमीचा बसतो तो शॉक त्यानंतरचा. आपल्या धक्क्याचंही असंच झालंय, मी म्हटलं, आधी खांद्याला बसायचा, मग मनाला बसायला लागला.

बाकीचं त्यांनी सोडून दिलं, घोडेस्वार तेवढे धरले. म्हणाले, "म्हंजे समोरासमोरची ठोकर. बराबर हाय. दोन्ही गाड्या पळत्या असल्या तर चुराडा व्हतो. एक उभी असली तर कमी लागतं. म्या बाईला रस्त्यानं हळूहळू उभी करतो, ताई."

मला राग आला. मी म्हटलं, "उभी कुठं करता? तुम्ही तिचे डोळे बांधून तिला ठोकरीपर्यंत नेता."

त्यांनी चहा संपवून बशी पालथी घातली आणि उठले.

मागच्या हिवाळ्यात दीपमालाला सातवा महिना लागला. ती त्यांची एकुलती एक. वाटूरला दिलेली, नवरा कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या मिलमध्ये कामाला. आठवडाभर तो जालन्यातच खोली घेऊन राहायचा, पाळी चालू असली की फोन बाहेर ठेवावा लागायचा. रीतीप्रमाणे लेकीची ओटी माहेरी भरायची आणि तिला बाळंतपणाला तिथंच ठेवून घ्यायचं. पण वंदनाच्या शेजारी प्रीती नावाची नवी सून आली होती. तिच्या मोबाईलवर डोहाळजेवणाचे व्हिडिओ बघून बघून दोघींनी ठरवलं की दीपमालाला कळूच द्यायचं नाही. सरप्राइज. तिच्या सासूला, उषाबाईंना, फोन करून कटात घेतलं. भाऊंनी अचानक जाऊन तिला घेऊन यायचं. गावात सगळ्यांना ताकीद दिली की दीपमालाचा फोन आला तर कुणी उचलायचा नाही, नाहीतर फुटेल. मलाही आमंत्रण होतं. जीप जालन्यावरून जाणारच होती, म्हणून मला घेऊन वाटूरला जायचं आणि तिघांनी परत यायचं असं ठरलं.

आता हे वाचणाऱ्याला जे दिसतंय ते त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. मी हिरव्या बांगड्यांचा डबा मांडीवर घेऊन हौसेनं जीपमध्ये बसले. भाऊ दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले होते. रामनगर मागे पडलं तेव्हा ते गुणगुणत होते. या माणसाला मी कधी गुणगुणताना ऐकलेलं नव्हतं.

वाटूरला दीपमाला ओट्यावर हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. जीप थांबली. तिनं आधी जीपकडे पाहिलं, मग बापाकडे, मग बापाशेजारच्या माझ्याकडे. मांडीवरचा पाला खाली सांडला आणि ती भिंतीला धरून उभी राहिली. मी हसून हात हलवला. तिनं हलवला नाही.

"माय कशी हाय?" तिनं विचारलं.

"मजेत हाय की," भाऊ म्हणाले. "सगळे मजेत हायेत. तुला न्यायला आलो. चल जल्दी."

तिचा चेहरा पांढरा पडला. मला तरीही उमजलं नाही. तेवढ्यात उषाबाई आतून तयार पिशवी घेऊन आल्या. एरवी सुनेशी कामापुरतं बोलणारी ती बाई, त्या दिवशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, जा माय, हितलं मी बघते, तू बिलकुल काळजी करू नको. दीपमाला त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं कल्याणला लावायला फोन काढला. आणि भाऊंचा हात आपोआप पुढे झाला. वर्षानुवर्षांची सवय त्या हाताची. "दे हिकडं, माझ्याजवळ ठिवतो."

तेव्हा मला कळलं. भाऊंनाही कळलं, त्यांनी हात झटकन मागे घेतला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. दीपमाला रडली नाही, ओरडली नाही. फोन तिनं स्वतःच त्यांच्या हातावर ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

फाटा सोडला तसं मी म्हटलं, खड्ड्यात गेलं ते सरप्राइज. तिला सगळं सांगितलं. आईनं मांडव घातलाय, तुझं ओटभरण आहे, हा बघ बांगड्यांचा डबा. ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी पुन्हा कुणाच्या डोळ्यांत बघू इच्छित नाही.

"आत्या," ती म्हणाली, "त्या पोरीला पाहुणे आल्ते म्हणून आणल्तं. मला ओटभरण."

मी खरं बोलत होते आणि माझं खरं त्या खोट्याच्या मापाचं निघालं होतं. भाऊंनी जीप कडेला घेतली, गळ्याची आण घेतली, मेलेल्या आईची घेतली. तिनं मान हलवली. म्हणाली, तुम्ही आणच घेता, सगळ्या बायांपुढं घेता, घरी तुम्हीच सांगितल्तं. मग भाऊंनी वंदनाला फोन लावला. फोन होता प्रीतीकडे. तिला वाटलं दीपमालाच बापाला फोन करायला लावून गुपित काढून घेतेय. ती हळू आवाजात म्हणाली, काकू कामात हायेत, तुम्ही या जल्दी, आणि कट केला. मागं बायकांचा गलका चालला होता, तो आम्ही तिघांनीही ऐकला. पुन्हा लावला तर फोन बंद. शेजारच्या अप्परावांना लावला. ते जाफराबादच्या बाजारात होते. वहिनी बऱ्या हायेत की, म्हणाले, त्यांना काय झालं? दीपमाला म्हणाली, त्योबी तुमच्यातलाच.

कल्याणला लावला, तो पाळीवर होता, फोन नुसता वाजत राहिला. मी तिचा हात धरला होता, तो गार पडत चालला. थोड्या वेळानं ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "बाळ हलंना."

भाऊंनी गाडी कशी हाकली ते मला आठवत नाही. जालन्यातल्या पहिल्या दिसलेल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात आम्ही तिला नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं पोटावर यंत्र लावलं, आणि त्या खोलीत बाळाच्या ठोक्यांचा आवाज आला तेव्हा मी भिंतीला टेकून रडले. बाळ ठीक होतं. आईचं बीपी चढलेलं होतं, अंग गार. डॉक्टरनं तिला डाव्या कुशीवर निजवलं आणि बाहेर येऊन आम्हाला म्हणाली, "त्यांना शॉक बसलाय. घरी कुणी वारलंय का?"

"न्हाई," भाऊ म्हणाले. "काहीच झालं न्हाई. समदे मजेत हायेत."

डॉक्टरनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिचाही विश्वास बसला नाही. मला म्हणाली, मॅडम, अशा बाईपासून लपवू नका, हळूहळू सांगा. आणि ती आत गेली.

भाऊ बाकावर बसले. एवढा धिप्पाड माणूस, गुडघ्यांवर हात ठेवून नुसता समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, नुसती भीती वाटली. मग ते म्हणाले, "मायलाबी हेच म्हणल्ते. ह्योच शब्द."

बीपी उतरलं तेव्हा डॉक्टरनं सोडलं. दीपमाला मागच्या बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजली. राजूर गेलं, टेंभुर्णी गेलं. मी मनात म्हणत होते, आता घर आलं की संपेल, आई दिसली की संपेल. पण प्रीतीनं तिकडे एक शेवटची शक्कल लढवली होती. जीपचा आवाज आला की सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं, म्हणजे पोरीला काही कळणार नाही. गाडी गल्लीत वळली. घरापुढे मांडव होता. मांडवाखाली गावातल्या साऱ्या बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. आणि कुणीही बोलत नव्हतं.

दीपमाला उठून बसली होती. तिनं ते पाहिलं. तिनं जीपचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि उतरेना. भाऊ खाली उतरून दार उघडून उभे राहिले. तेवढ्यात वंदना घरातून ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आली, नवी साडी, डोक्यावर पदर, तोंडभर हसू.

पोरगी तसल्या अवघडलेल्या अंगानं कशी उतरली आणि कशी धावली, कुणाला कळलं नाही. ती आईवर जाऊन आदळली. ताट उडालं, कुंकू मांडवभर सांडलं. दोन्ही मुठींनी आईच्या खांद्यांवर मारत ती म्हणत होती, "तू हायेस का? तू हायेस का?" वंदनाला काही कळेना. ती म्हणत होती, आगं हाय की, हाय की मी, आसं काय करून राह्यलीस. बायका आधी हसल्या, मग एकेक गप्प झाली. मग ज्यांना कधीतरी त्याच जीपमधून आणलेलं होतं, त्या बाया रडू लागल्या. एक नाही, दोन नाही, मांडवाचा अर्धा भाग रडत होता. मी त्यातच होते.

ओटी भरली. फळं, नारळ, खण, सगळं झालं. दीपमालानं सगळा वेळ आईच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. भाऊ आत आले नाहीत, जीपमध्ये बसून राहिले. पंगत उठल्यावर तीच ताट घेऊन त्यांच्याकडे गेली. मी बरोबर होते.

"दादा," ती म्हणाली, "एक वचन द्या. उद्या मायचं काही झालं, कुणाचंबी झालं, तर मला फोनवर सरळ सांगा. घ्यायला या, पन सांगून या."

"शॉक बसंल, बाई."

"बसू द्या. म्या रडत यीन. पन तुम्ही आजबी खरं सांगत व्हता आन् मला त्ये घेता आलं न्हाई. मला माझा बाप परत पाहिजे."

भाऊंनी ताट घेतलं. हो म्हणून मान डोलावली.

तिला मुलगी झाली, धडधाकट. भाऊंनी आपला शब्द फक्त तिच्यापुरता ठेवला नाही, आणि ते गावाला आवडलं नाही. अप्परावांची आई गेली तेव्हा त्यांच्या बहिणीला आणायला भाऊंना सांगितलं. भाऊ म्हणाले, आधी फोन करून सांगतो, मंग जातो. अप्पराव चिडले. गावातही बोललं गेलं, मच्छिंद्रला आता दयामाया राह्यली न्हाई. त्या बहिणीला आणायला दुसऱ्याची जीप गेली. कितीतरी वर्षं जे काम गाव त्यांच्याशिवाय कुणाला सांगत नव्हतं, ते हळूहळू त्यांच्याकडून गेलं. ते जाफराबाद-टेंभुर्णी फेऱ्या करत राहिले. भेटले की मला विचारायचे, ताई, बराबर करतोय ना म्या? मी हो म्हणायचे. पण हो म्हणणं सोपं होतं, कारण तेव्हा माझी आई गावी, माझ्या भावाकडे, मुकुंदकडे, सुखात होती.

या संक्रांतीनंतर एका सकाळी मी डबा भरत होते आणि भाऊंचा फोन आला. "ताई, बसून घ्या," ते म्हणाले.

मी बसले.

"काकू गेल्या. सकाळी, झोपेतच. तरास झाला न्हाई. मुकुंदभाऊ म्हणत व्हते तब्येतीचं सांगा, म्या म्हणलं, म्या खरं सांगणार. म्या निघालोय घ्यायला."

शब्दाचं मूळ मी वर्गात शिकवलंय, मच्छिंद्रभाऊंना वाचून दाखवलंय. ते दोन्हीकडचे घोडे खरोखर छातीवर येऊन आदळतात, हे मला त्या खुर्चीत कळलं. श्वास आत जाईना. मग मी ओरडले असेन, कारण शेजारच्या बाई धावत आल्या. मी मनसोक्त रडले. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले, मुकुंदला फोन लावून रडले, आईचा आवाज असलेला जुना मेसेज लावून रडले. माझा फोन माझ्या हातात होता. मग उठून गॅस बंद केला, कॉलेजात कळवलं, तोंड धुतलं. कपाटातून तिच्यासाठी संक्रांतीला घेतलेली आणि द्यायची राहून गेलेली मऊ सुती साडी काढली. जीप दारात आली तेव्हा मी चप्पल घालून उभी होते. भाऊ उतरून माझ्यासमोर उभे राहिले. खूप रडलेले होते. त्या दिवशी त्यांनी मला माझ्या आईबद्दल काय काय सांगितलं, रस्ताभर, खरं खरं.

राजूरच्या चौकात गर्दीमुळे जीप थांबली. शेजारीच मोसंब्यांची गाडी होती. भाऊंनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवून नको म्हटलं. आईला काय लागणार आहे ते मला माहीत होतं आणि ते माझ्या मांडीवर होतं.